उणे नऊ

आमच्या घरात सोयरीक जुळवताना पत्रिकेच्या आधी मुलीच्या चष्म्याचा नंबर विचारायचे. तीन-चार म्हटलं की "बघू, कळवतो". आठच्या पुढं असला की माणसं लगेच मुलगी बघायला निघायची. माझी आई साडेनऊ नंबरावर या घरात आली, आणि आजही कोणी तिच्या माहेराबद्दल विचारलं तर ती शेतीवाडीच्या आधी तो आकडा सांगते.

आम्ही कोल्हापूरचे पटवेकर. दागिने घडवतो सोनार, ते गाठवतो आम्ही. कोल्हापुरी साजाची पानं, मणी, मोती रेशमाच्या दोऱ्यात ओवायचे, दोन मण्यांमध्ये न दिसणारी गाठ मारायची आणि तो गळ्यात घालण्याजोगा करायचा, हे आमचं काम. गुजरीमागच्या बोळात पुढं दुकान, मागं कारखाना आणि वर घर. कारखाना हा शब्द जरा मोठाच आहे. एक खोली, जमिनीवर चार पाट, आणि दाराबाहेरच्या भिंतीत खुंट्यांची एक ओळ. बाकीचे लोक आत जाताना चपला काढतात. आम्ही चपला आणि चष्मा, दोन्ही काढतो.

याला कारण आहे. गावदेवीचा साज दर नवरात्राआधी आमच्याकडं नव्यानं गाठवायला येतो, आणि देवीचं काम काचेआडून करायचं नाही असा आमच्यात दंडक आहे. चष्मा नाही, भिंग नाही, जे काय करायचं ते उघड्या डोळ्यांनी. आता मोहरीएवढ्या मण्याचं भोक उघड्या डोळ्यांना दिसणार कोणाच्या? ज्याला लांबचं काहीच दिसत नाही त्याच्या.

शाळेत शिकवतात ते इथं उपयोगी पडतं. जास्त नंबरवाल्याचा डोळा मागं लांबट वाढलेला असतो, त्यामुळं लांबून येणारा प्रकाश पडद्यावर पोचायच्या आधीच एकत्र येतो आणि पडद्यावर नुसता धुरळा उरतो. पण तीच वस्तू अगदी जवळ आणली की प्रतिमा बरोबर पडद्यावर बसते, आणि तीही डोळ्याला काही श्रम न होता. किती जवळ, हे काढायला मीटरला नंबरानं भागायचं. उणे नऊ असेल तर अकरा सेंटिमीटर, म्हणजे अर्धी वीत. इतक्या जवळून मणी वाटाण्याएवढा दिसतो, तोही दोन्ही डोळ्यांना, पुढंमागं काय आहे त्याच्या अंदाजासकट. जगाला जे व्यंग वाटतं ते आमच्या घरात अवजार होतं.

माझा नंबर उणे नऊ. दोन्ही डोळ्यांना सारखा. आई म्हणायची, देवीनंच मोजून दिला.

माझ्या थोरल्या भावाला, संग्रामदादाला, नंबरच लागला नाही. लहानपणी त्याला मुद्दाम अंधुक उजेडात वाचायला बसवायचे, तरी लागला नाही. शेवटी त्याला दुकानाच्या पुढच्या बाजूला बसवलं आणि त्यानं स्वतःच्या मनानं गडहिंग्लजची रेवती पसंत केली. ती आरीकाम करायची, ब्लाउजवर जरीचे मोर काढायची, आणि तिची बोटं बघून कोणाही पटवेकराला हेवा वाटावा. पण तिला बोळाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या गाडीचा क्रमांक वाचता यायचा. लग्नात आई मावशीला म्हणाली, "पोरगी चांगली हाय गं. डोळे तेवढे निकामी."

तेव्हापासून नऊ वर्षं रेवतीवहिनी वरच्या मजल्यावर आरी चालवत होती. चार वाजता चहाचा ट्रे कारखान्याच्या उंबऱ्यावर ठेवायची आणि परत फिरायची. आत येऊ नको असं तिला कोणी म्हटलं नव्हतं. पाटावर बसायचं नव्हतं, तर आत येण्याला काही कारण नव्हतं.

मला मात्र आत बसायचं नव्हतं. मला पोहायचं होतं.

चष्मा काढून पंचगंगेत उतरलं की पलीकडचा काठ नाहीसा होतो, हे चष्मेवाल्यांनाच कळेल. कॉलेजात असताना मी कॉन्टॅक्ट लेन्स घेतल्या आणि पहिल्यांदा काठ बघत पोहले. मग दोन वर्षांपूर्वी मोठा पूर आला. मी बचाव पथकाबरोबर स्वयंसेवक म्हणून बोटीत होते, लेन्स घालून, चार दिवस. पुराचं पाणी म्हणजे गटार, गोठे, शेतं सगळं एकत्र. लेन्सच्या मागं त्यातला कसला तरी जंतू राहिला आणि डाव्या डोळ्यात फूल पडलं. महिनाभर अंधाऱ्या खोलीत होते. डोळा वाचला, पण लेन्स कायमच्या बंद झाल्या.

पथकाचे प्रमुख हिंदुराव चौगुले, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, त्यांच्याकडं मी यंदाच्या भरतीसाठी गेले.

"पोरी, पोहतीस तू झकास," तात्या म्हणाले. "पण पाण्यात चष्मा टिकत नाही आणि लेन्स तुला चालत नाहीत. मग बोटीत बसून करणार काय, देवाचं नाव घेणार?"

"डोळे करून घेतले तर?"

"जूनच्या आत करून ये. चाचणी उघड्या डोळ्यांनी असती. मी ओळख धरणार नाही, सांगून ठेवतो."

डोळे करून घेणं आता काही नवलाचं राहिलेलं नाही. निम्म्या महाराष्ट्राला चष्मा लागल्यावर लेसरच्या गाड्या तालुक्याला फिरू लागल्या. पोरानं अठरावं ओलांडलं की दुपारी नंबर जातो आणि संध्याकाळी पोरगं क्रिकेट खेळतं. पण माझा नंबर मोठा, शिवाय डाव्या डोळ्यावर व्रण. माझं काम मिरजेलाच होणार होतं.

मी आईला कारखान्यातच सांगितलं. दोघी चष्मे काढून बसलो होतो, एकाच माळेवर डोकी घालून. त्या अंतरावरून मला आईच्या पापण्या मोजता आल्या असत्या.

"आई, मी नंबर काढून घेतो," मी म्हणाले. आमच्याकडं पोरीही 'येतो, जातो' असंच बोलतात, बाहेरच्यांना गंमत वाटते.

आईचा हात थांबला नाही. गाठ पुरी करून तिनं दोरा दातानं तोडला. "देवीचा साज कोण गाठवणार?"

"तू हायस की."

"मी किती दिवस? उजव्या डोळ्यात सारा येऊ लागलाय, दिसंना झालंय मला पहिल्यासारखं. चारी पाट भरलेले असायचे इथं. तुझी आत्या गेली, काका गेले. आणि बाहेरची बघावी म्हटलं तर आता नंबरवाली पोरगी औषधाला मिळत नाही. सगळ्यांचे डोळे धुऊन पुसून ठेवलेत त्या गाड्यांनी." ती माझ्याकडं बघत नव्हती. "पाण्यातनं माणसं काढणारी पुष्कळ मिळतील गिरिजा. हे करणारी तू एकटी हायस."

"मिळत नाहीत आई. मागच्या पुरात बोटी रिकाम्या उभ्या होत्या. वल्हवायला माणसं नव्हती."

"म्हणून तू डोळे घालवून घेणार?"

"घालवून नाही. लांबचे करून घेणार."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि तेच मला जड जात होतं. खोटं असतं तर भांडून मोकळी झाले असते.

"जा मग," ती म्हणाली. "पण खुंटी मोकळी करून जा."

मिरजेला माझ्याबरोबर वहिनी आली. दादाला दुकान सोडवत नव्हतं आणि आई तर बोलतच नव्हती.

डॉक्टर शबाना मुजावर बारीक चणीच्या आणि स्पष्ट बोलणाऱ्या बाई. त्यांनी माझ्या डोळ्यांचे नकाशे पडद्यावर लावले. डोंगराच्या नकाशावर असतात तशा रेषा, डाव्या डोळ्यात व्रणाच्या जागी एक खळगा.

"जुना लेसर डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक थराचा, म्हणजे पारपटलाचा, पापुद्रा उचलून आतलं थोडं खरवडून काढायचा," त्या म्हणाल्या. "तुमचा नऊ नंबर खरवडायचा तर पारपटल उरलंच नसतं. हा लेसर काही कापत नाही. थराच्या आत अगदी मंद, अगदी बारीक ठिपके टाकत जातो. जिथं ठिपका पडतो तिथली घनता किंचित बदलते आणि तिथून जाणारा प्रकाश किंचित जास्त वळतो. असे लाखो ठिपके वर्तुळात मांडले की तिथंच भिंग तयार होतं. काच नाही, बाहेरचं काहीच नाही. तुमचाच डोळा. व्रणाजवळ ठिपके दाट-विरळ करून मी तोही सांभाळून घेते."

"परत पुसता येतं का?" मी विचारलं.

"लहान नंबर असला तर येतं. नऊ लिहिल्यावर त्या थरात दुसरं काही लिहायला जागा राहत नाही. म्हणून दोनदा विचार करा."

"मी दोन वर्षं विचार केलाय."

वहिनी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली होती. ती पुढं सरकली.

"डॉक्टर, उलटं होतं का?"

"म्हणजे?"

"हिचा नंबर काढताय. तसा एखाद्याला लावता येतो का? उणे नऊ?"

डॉक्टर हसल्या. मग वहिनी हसत नाही हे त्यांच्या ध्यानात आलं. "यंत्राला काय, वर्तुळांची मांडणी उलटी केली की झालं. पण मी करणार नाही. चांगले डोळे बिघडवायला मी डॉक्टर झालेली नाही."

"चांगले कशासाठी?" वहिनी म्हणाली. "आमच्या घरात हे डोळे निकामीच धरलेत."

कोल्हापूरच्या बसमध्ये बसल्यावर मला राहवेना.

"वहिनी, तुला डोकंबिकं हाय का? सकाळी उठल्यावर चष्मा सापडेपर्यंत मी आंधळी असतो. पावसात आंधळी, चहाच्या वाफेत आंधळी. सव्वीस वर्षं मी ह्यातनं सुटायला बघतोय आणि तू पैसे देऊन आत शिरायला निघालीस?"

"तुला सोडायचंय ते तू सोड की. मी अडवलंय?" ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "मला लांबचं सगळं दिसतंय गिरिजा. त्या टाकीवर काय लिहिलंय तेही दिसतंय. दिसून काय करू? मला जे बघायचंय ते अर्ध्या वितीवर हाय. नऊ वर्षं मी ट्रे ठेवून परत येताना मान वाकडी करून बघतो, आई गाठ कशी घेतात. नुसती बोटं हललेली दिसतात."

"भिंग लाव. भिंगाचा चष्मा मिळतो."

"देवीच्या कामाला काच चालत नाही. आणि उरलेल्या कामाला आई चालवून घेतील असं वाटतं तुला?"

मला तसं वाटत नव्हतं. शिवाय जाड भिंगाच्या कडेला रंगांच्या किनारी उठतात, मोत्याचं पाणी कळत नाही, तासाभरात डोकं चढतं, हे मी करून बघितलेलं होतं. डॉक्टरबाईंनी मघाशी सांगितलेलं वाक्य वहिनीनं मात्र नीट उचललं होतं. काच नाही, बाहेरचं काही नाही, तुमचाच डोळा. दंडक मोडत नव्हता.

माझं काम एप्रिलात झालं. थेंब घालून डोळे बधिर केले, वर एक कडं बसवलं, आणि मी एका हिरव्या ठिपक्याकडं बघत पडून राहिले. दुखलं नाही. कुठंतरी टाचणीनं कागदावर टोचल्यासारखा आवाज येत होता. मला भीती वाटत होती, आणि मी उठून जाणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली तर पंखा दिसला. त्याची तिन्ही पाती, एका पात्यावर साठलेली धूळ. हात सवयीनं उशाशी गेला आणि चष्मा न सापडता परत आला. गच्चीवर गेले तर जोतिबाचा डोंगर एखाद्या पावलानं पुढं सरकला होता. उणे नंबरची काच सगळं जग आक्रसून दाखवते. लेन्सचे थोडे दिवस सोडले तर मी सव्वीस वर्षं मूळ मापापेक्षा लहान जग बघत आले होते. मी तिथं उभी राहून मनसोक्त रडले, आणि डॉक्टरांनी रडायला मनाई केलेली नव्हती.

आईनं खाली बोलावलं. पाटासमोर मोहरीएवढे मोती ठेवले होते. "ओव," ती म्हणाली.

मी मोती उचलून नेहमीच्या जागी, अर्ध्या वितीवर आणला. धुकं. हात लांब नेला तसा मोती स्वच्छ झाला, पण आता तो मोहरीएवढाच होता. भोक कुठंतरी असणार होतं. मी सुई नेली, ती घसरली. परत नेली, परत घसरली. जी गोष्ट मी सातव्या वर्षापासून बोलता बोलता करत आले ती मला येत नव्हती. मला फार वाईट वाटलं, आणि ते आईला दिसत नव्हतं, कारण ती चष्मा काढून बसली होती आणि मी तिच्यापासून हातभर लांब होते.

तिनं मोती गोळा केले. "बघितलं," एवढंच म्हणाली.

वहिनी एकटीच मिरजेला जात राहिली. पहिल्या खेपेला डॉक्टरांनी तिला समजावून परत पाठवलं, दुसऱ्या खेपेला जरा ओरडून. तिसऱ्या खेपेला तिनं स्वतः काढलेला मोर नेला. रेशमाचा, अंगठ्याच्या नखाएवढा. डॉक्टर तो हातात घेऊन बसल्या.

"तुझ्या नणंदेला मी विचारलं नव्हतं, लांबचे डोळे कशाला हवेत म्हणून," त्या शेवटी म्हणाल्या. "मग तुलाच का विचारतेय, हे माझं मलाच कळेना झालंय. पण माझी एक अट आहे."

अट अशी, की तीन महिने तिनं उलट्या नंबराच्या कॉन्टॅक्ट लेन्स घालायच्या. अधिक नऊची लेन्स चांगल्या डोळ्यावर घातली की तो डोळा उणे नऊचा होतो. तसंच जगून बघायचं. कंटाळली तर लेन्स काढून टाकायच्या, विषय संपला. लांबचं बघायला वरून उणे नऊचा चष्मा लागणार होता. तो घरात होता. माझा. खुंटीवरून काढून मी तो कपाटात टाकलेला होता, तो मी तिला दिला. तपकिरी काड्या, उजव्या काडीवर माझ्या दातांच्या खुणा.

मी तोपर्यंत पथकाची चाचणी पास झाले होते आणि घरात उगीच छाती काढून फिरत होते. वहिनी त्याच घरात धडपडत होती. आईला आम्ही एवढंच सांगितलं होतं, की आरीकामानं डोळे शिणलेत म्हणून तिला चष्मा लागलाय. तिनं दाराच्या कडेला कपाळ आपटलं, तव्यावर हात भाजून घेतला, बोळात स्वतःच्या नवऱ्याला न ओळखता पुढं निघून गेली. दादा मला म्हणाला, "तू सांग तिला." मी एकदा सांगूनही बघितलं.

"नको ते सांगू नको," वहिनी म्हणाली. "चष्मा घसरतो तेव्हा तू काय करत होतीस, ते सांग."

मी तिला काड्यांना दोरा बांधायला शिकवलं. त्यानंतर मी तिची चेष्टा केली नाही. दुपारी ती वरच्या खोलीत दार लावून, चष्मा काढून बसायची. आईनं टाकून दिलेले मणी आणि मी दाखवलेल्या गाठी. मला आता त्या गाठी नीट दिसत नव्हत्या, पण बोटांना माहीत होत्या. तिच्या बोटांवर बोटं ठेवून मी त्या तिला दिल्या.

ऑगस्टमध्ये नदी चढली.

तिसऱ्या दिवशी आमची बोट एका गावाच्या अंगाला होती. गाव कसलं, पाण्यात बुडालेल्या उसाचे शेंडे आणि मधूनमधून छपरं. पावसाचे फटके तोंडावर बसत होते, पुढं बसलेल्या तात्यांनी डोळ्यांवर हात धरला होता.

"तात्या, उजवीकडं. गोठ्याच्या पत्र्यावर माणूस हाय."

"पिशवी असंल."

"हात हलवतोय. बनियन घातलाय."

तात्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि बोट वळवायला सांगितली. माणूसच होता. पन्नाशीचा, पत्र्यावर पालथा पडलेला, आणि त्याच्या मनगटाला गुंडाळलेला कासरा सरळ पाण्यात गेला होता. खाली म्हैस होती. तिचं नाक तेवढं वर होतं. प्रवाह बोटीला पत्र्याजवळ जाऊ देईना. मी कमरेला दोर बांधला आणि उडी टाकली.

घाण पाणी डोळ्यांत शिरलं, निघून गेलं, आणि पत्रा तिथंच दिसत राहिला. मला त्या क्षणी दुसरं काही नको होतं. डोळ्यांतून काही वाहून जाणार नव्हतं, काही हुकणार नव्हतं. मी पत्र्याला लागले.

"म्हशीला सोडून येणार न्हाई," तो माणूस म्हणाला.

"तिला पोहता येतं. तुम्ही धरून ठेवल्यानं ती बुडतीय."

कासऱ्याची गाठ मनगटात रुतली होती. मी सवयीनं ती नाकाजवळ नेली आणि ती धूसर झाली. इतके दिवस होऊनही डोकं जुन्याच अंतरावर जात होतं. मग मी डोळे मिटून घेतले. ओली गाठ बोटांनी चाचपली, कुठला पदर कुठल्याखाली गेलाय ते कळलं, आणि नखानं तो उचकटला. म्हैस मोकळी झाली तशी आमच्या आधी निघाली. तो माणूस बोटीत बसून तिच्याकडंच बघत होता. ती कोरड्याला लागली तेव्हा कुठं त्यानं माझ्याकडं बघून हात जोडले.

तात्या परतताना म्हणाले, "पत्र्यावरचा बनियन कुणाला दिसला नसता गं." एवढ्यावर मी वर्षभर चालले असते.

घरी आले तर आई दारात उभी. तिनं माझे डोळे अंगठ्यांनी ताणून, अगदी अर्ध्या वितीवर तोंड आणून तपासले. डाव्याचे जरा जास्त वेळ. मग म्हणाली, "बाई, जेव आधी." आमच्यात तिचं बोलणं असं सुरू झालं.

भाद्रपदात तिला वरच्या खोलीत वहिनीची माळ सापडली. आईनं चष्मा काढला आणि माळ डोळ्याजवळ धरली. मग करंगळीचं नख एकेका गाठीवरून फिरवलं. गाठ सैल असेल तर नख अडतं. नख कुठं अडलं नाही.

"कोणाची?"

"वहिनीची," मी म्हणाले.

"दिसलं कसं तिला?"

मी सगळं सांगितलं. लेन्स, मिरज, अट. आई ऐकत ऐकत पलंगावर बसली. तिला वहिनीच्या कपाळावरची टेंगळं आठवली असावीत, कारण तिचा हात आपोआप स्वतःच्या कपाळाकडं गेला. तिनं जिन्यातून हाक मारली. वहिनी आली, डोळ्यांवर माझा चष्मा.

"रेवती, लेसरबिसर काही करू नको," आई म्हणाली. "भिंग लाव, त्या लेन्सा लाव, काय लावायचं ते लाव आणि खाली येऊन बस. देवीला मी सांगते."

आईला ओळखणाऱ्यांनाच हे वाक्य केवढं होतं ते कळेल. मला वाटलं, झालं, सुटलं. वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"नऊ वर्षांपूर्वी म्हटलं असतं तर बसलो असतो आई," ती म्हणाली. "आता सवलतीनं नको. उद्या कुणी म्हणायला नको, काचेआडून गाठवला म्हणून. तुम्हीसुद्धा म्हणायला नको."

"मी म्हणेन होय?"

"मनात म्हणाल."

आईला खोटं बोलता आलं नाही.

"लांबचं जन्माचं जाईल बाई," ती हलकेच म्हणाली. "हिचं बघतेस न्हवं, परत फिरता येत नाही."

"तिला कुठं फिरायचंय? मलाही नाही."

आईनं माझ्याकडं बघितलं, जणू ही वहिनी मी बिघडवली. बिघडवली असेन तर मला त्याचा अभिमान होता.

नवरात्राच्या आधी साज आला. लाल फडक्यात, देवस्थानच्या पुजाऱ्यांबरोबर. मी त्या दिवशी पथकावर नव्हते. कारखान्याच्या दाराशी उभी होते, तेवढ्यात वहिनी जिना उतरून आली. मिरजेहून येऊन तिला आठवडा झाला होता. डोळ्यांत लेन्स नव्हती. आता लागणारच नव्हती. तिनं चपला काढल्या. मग चष्मा काढला, तपकिरी काड्यांचा, आणि हातानं भिंत चाचपून तिसऱ्या खुंटीवर अडकवला. माझ्या खुंटीवर. तिथं चुन्यात त्याच काड्यांनी घासून पडलेला डाग होता.

उंबरा ओलांडताना ती अडखळली. आतून आईनं हात पुढं केला, तोही जरा चुकून बाजूला. दोघींचे हात हवेत शोधत राहिले आणि मग सापडले. आईनं तिला माझ्या पाटावर बसवलं, फडकं सोडलं, साजाचं पहिलं पान तिच्या तळहातावर ठेवलं. दोघींची डोकी खाली गेली, एकाच पानावर, अर्ध्या वितीवर.

मला दोघी स्वच्छ दिसत होत्या. आईच्या मानेवरचा घाम दिसला, वहिनीनं सुईत दोरा ओवला तेही दिसलं. त्यांना मी दिसत नव्हते.

"दारात कोण हाय?" आईनं विचारलं.

"मी, गिरिजा."

"मग आत ये की."

मी खुंट्यांकडं बघितलं. माझ्याजवळ काढून ठेवायला काही नव्हतं. तरी माझे जुने डोळे मला परत नको होते, हे मला पक्कं माहीत होतं.

"नको. तुमचं चालू दे," मी म्हणाले. "चहा टाकतो."

चार वाजता मी ट्रे उंबऱ्यावर ठेवला. वहिनीनं मान वर केली नाही. हातात गाठ असली की आमच्यात कोणीच करत नाही.